रिचर्डसनचे समीकरण आणि ‘संरक्षण’ हा शब्द

लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाचा ‘आर्म्स अँड इन्सिक्युरिटी’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९६० साली, प्रसिद्ध झाला. शेजारी राष्ट्रांच्या शस्त्रस्पर्धेचा विचार करणाऱ्यास तो आजही टाळता येत नाही. प्रस्तुत टिपणात त्यातील गणिताची नव्हे, तर संज्ञांची परीक्षा करावयाची आहे; कारण ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही आमच्या मते तेथेच आहेत.

रिचर्डसनचा सिद्धान्त थोडक्यात असा: शेजाऱ्याच्या शस्त्रांची भीती राष्ट्राची शस्त्रसज्जता वाढविते, स्वतःच्या खर्चाचा भार तिला आवर घालतो, आणि जुने गाऱ्हाणे या दोहोंहून स्वतंत्रपणे तिला चालना देते. परस्परांची भीती खर्चाच्या भाराहून प्रबळ ठरली की स्पर्धेस स्थैर्य उरत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या, १९०९ ते १९१३ या काळातील दोन युरोपीय गटांच्या खर्चाचे आकडे त्याने या सूत्रास लावून पाहिले.

भाषेच्या अभ्यासकास यात प्रथम जाणवते ती दोन्ही पक्षांस लावलेली एकच संज्ञा. व्यवहारात असे घडत नाही. आपल्या तोफा ‘संरक्षण’ असतात. शेजाऱ्याच्या तशाच तोफा ‘युद्धखोरी’ ठरतात. ‘संरक्षण’ हा शब्द जणू ‘हा’ आणि ‘तो’ या दर्शक सर्वनामांप्रमाणे वागतो: बोलणारा सरहद्दीच्या कोणत्या बाजूस उभा आहे, त्यावर त्याचा निर्देश ठरतो. रिचर्डसनच्या समीकरणांत मात्र राष्ट्रांची अदलाबदल केली तरी सूत्राचे रूप पालटत नाही. ही केवळ गणिताची सोय नव्हे. पहिल्या महायुद्धात शस्त्र न धरता रुग्णवाहिका-पथकात सेवा करणाऱ्या क्वेकरपंथीयाची ती नैतिक भूमिकाही आहे.

तथापि दोन ठिकाणी सावध राहिले पाहिजे. पहिले असे की, रिचर्डसनने हे सूत्र अनेक राष्ट्रांसाठी विस्तारले असले, तरी ते बहुधा दोनच पक्षांना लावले जाते. भारत-पाकिस्तानच्या बाबतीत हे दिशाभूल करते. १९६२ च्या चीन-युद्धानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, भारताने जो सैन्यविस्तार केला त्याचे मुख्य कारण उत्तरेस होते. त्याची भीती मात्र पश्चिमेसही वाटली. स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली चीनचा लष्करी खर्च सुमारे ३१४ अब्ज डॉलर, भारताचा ८६ अब्ज आणि पाकिस्तानचा १० अब्ज होता. ही जोडी नव्हे, साखळी आहे.

दुसरे, समीकरणात गाऱ्हाणे हा स्थिरांक आहे. परंतु काश्मीरचे गाऱ्हाणे १९४७ पासून एकाच मापाचे राहिलेले नाही. १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे, १९९८ च्या मे महिन्यातील पोखरण व चगाई येथील अणुस्फोट यांनी त्याचा आशय पालटला. गाऱ्हाणे ही साठवून ठेवलेली वस्तू नव्हे. पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, वृत्तपत्रांत ते पुनःपुन्हा उच्चारले जाते आणि प्रत्येक उच्चारात काहीसे नवे होते.

विचार करण्यास न थांबणारी माणसे कशी वागतील, एवढेच आपली समीकरणे सांगतात, असा रिचर्डसनचा स्वतःचा अभिप्राय होता. प्रबंध लिहिणाऱ्याने थांबावे ते शब्दापाशी. एका राष्ट्राच्या जागी दुसऱ्याचे नाव घालताच जो शब्द बदलावासा वाटतो, तो वर्णन करीत नसून बाजू घेत असतो. दोन्ही पक्ष सारखेच दोषी, असा याचा अर्थ नाही. दोषाचा निवाडा पुराव्याने व्हावा; शब्दाने तो आधीच उरकू नये, इतकेच.