‘स्थिर’ म्हणजे काय? मानेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका शेऱ्याची तपासणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या डिस्चार्ज कार्डावर आणि नंतरच्या प्रत्येक तपासणीच्या कागदावर एक शब्द येत राहिला : ‘स्टेबल’. मणक्यांच्या झिजेमुळे तिच्या मानेतला मज्जारज्जू दाबला गेला होता. बोटे जड पडली होती, ब्लाउजची हुके लावता येईनात, चालताना पाय अडखळत. मानेच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली आणि सहा महिन्यांत हुके लागू लागली. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. पण ताई दुपारी चारनंतर हनुवटीखाली तळहात धरून बसते. डोके पेलवत नाही, म्हणते. डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरतात आणि मान स्थिर आहे असे सांगतात. दोघेही खरेच बोलत असतील तर घोटाळा त्या शब्दातच असला पाहिजे, असे मला वाटले आणि तो शब्द कुठून आला याचा मी शोध घेऊ लागलो. मी डॉक्टर नाही. हे शोधनिबंध मी कोश शेजारी ठेवून, एकेका परिच्छेदाला एकेक संध्याकाळ देत वाचले. शब्द तपासत वाचण्याची सवय मात्र जुनी आहे.

शोध पहिल्यांदा येल विद्यापीठात जातो. ऑगस्टस व्हाइट, मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मानेच्या स्थैर्यावरचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातले दोन आकडे आजही जगभर वापरले जातात. मृतदेहांच्या मानेतले मणके घेऊन त्यांना जोडणारे अस्थिबंध त्यांनी एकामागून एक कापले आणि जोडी केव्हा ढळते ते पाहिले. एक मणका दुसऱ्यावरून साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, किंवा शेजारच्या जोडीपेक्षा त्यांच्यातला कोन ११ अंशांहून जास्त भरला, तर ती मान अस्थिर समजावी, असे त्यातून निघाले. या दोघांच्या १९७८ च्या ग्रंथातली व्याख्या मात्र याहून पुष्कळ मोठी आहे. नेहमीचा भार पेलत असताना मणक्यांचे एकमेकांशी असलेले नाते टिकले पाहिजे, मज्जारज्जूला आणि नसांना इजा होता कामा नये, आणि रचना बिघडल्यामुळे माणसाला जखडून टाकणारी वेदना किंवा व्यंग येता कामा नये, असा तिचा आशय आहे. व्याख्येत भार आहे आणि वेदनाही आहे. पुढच्या पन्नास वर्षांत व्याख्या मागे पडली आणि आकडे तेवढे चलनात राहिले. शिवाय ते आकडे अपघातात दुखावलेल्या मानेसाठी काढलेले होते. वीस-तीस वर्षे हळूहळू झिजलेल्या, कडेने हाड वाढलेल्या मानेला तीच पट्टी लावताना ती मुळात कशासाठी बनवली होती, याचा उल्लेख क्वचितच होतो.

गंमत अशी की या पट्टीवरचा सर्वांत मोठा आक्षेप खुद्द पंजाबींच्याच प्रयोगशाळेतून आला. १९९२ मध्ये त्यांनी कण्याच्या स्थैर्याचे तीन भागीदार सांगितले : हाडे व अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था. मग १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण माझ्या मते या सगळ्या साहित्यातला सर्वांत बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. स्नायू काढून टाकलेली, पण हाडे आणि अस्थिबंध शाबूत असलेली मान उभी धरायची आणि वरून वजन वाढवत न्यायचे. ती साडेदहा न्यूटनच्या आसपास वाकते. साडेदहा न्यूटन म्हणजे एक किलोहून किंचित जास्त. माणसाचे डोके भरते साडेचार-पाच किलो. थोडक्यात, निरोगी मानेची हाडे आणि अस्थिबंध डोक्याच्या पाव भागापुरतेसुद्धा जेमतेम पुरतात. उरलेले सारे ओझे स्नायू वाहतात. आणि शस्त्रक्रियेनंतर ‘स्टेबल’ असा शेरा ज्या एक्स-रेवरून मिळतो, त्यात स्नायू दिसतच नाहीत.

मागून केलेल्या शस्त्रक्रियांचा जपानी इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पूर्वी मज्जारज्जू मोकळा करायचा म्हणजे मणक्यांच्या मागच्या कमानी काढूनच टाकायच्या. मागचा आधार गेला की काहींची मान पुढे कलत जाई. २००० सालच्या एका अमेरिकी पाहणीत हे प्रमाण २१ टक्क्यांपर्यंत आढळले. यावर तोडगा म्हणून केइओ विद्यापीठातल्या कियोशी हिराबायाशींनी १९७७ च्या सुमारास वेगळी रीत काढली. कमान काढायची नाही. एका बाजूने पूर्ण कापायची, दुसऱ्या बाजूला अर्धवट कोरून बिजागरीसारखी ठेवायची आणि दार उघडावे तशी उघडायची. कमान जागेवर राहते, आतली वाट रुंद होते. कल्पना सुंदर आहे आणि तिने असंख्य लोकांचे हात वाचवले. तिचे यश मोजले गेले जपानी ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या १७ गुणांच्या पट्टीवर. चॉपस्टिकने जेवता येते का, चालता येते का, हातापायांना आणि अंगाला संवेदना किती आहे, लघवीवर ताबा आहे का, असे प्रश्न तिथे आहेत. मज्जारज्जूची चौकशी म्हणून ती पट्टी चांगलीच आहे, पण मान दुखते का, हा प्रश्न तिच्यात नाही.

जे विचारलेच नाही त्याचे उत्तर नोंदले जात नाही. १९९६ मध्ये, म्हणजे दार उघडायला लागून जवळपास दोन दशकांनी, होसोनो, योनेनोबू आणि ओनो या जपानी शल्यविशारदांनी स्वतःच्याच रुग्णांना तो प्रश्न विचारला. मागून दार उघडलेल्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांनी मान आणि खांदे दुखत असल्याचे सांगितले. पुढून शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच प्रमाण १९ टक्के होते. आपल्याच देशात जन्मलेल्या आणि नावाजलेल्या पद्धतीविषयी हे लिहायला धैर्य लागते, आणि ते निबंधाच्या शीर्षकातच लिहिले गेले. त्यानंतर जपानी लोकांनी जे केले तेही त्यांच्या स्वभावाला धरून. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या टोकाला डोक्यामागचा एक महत्त्वाचा स्नायू चिकटलेला असतो. तिसऱ्या मणक्याची कमान उचलून उघडताना तो सोडवावा लागे, आणि नंतर शिवला तरी पहिल्यासारखा धरत नसे. मग कुणी तिसरी कमान उघडण्याऐवजी तेवढी एकच काढून टाकू लागले, म्हणजे दुसऱ्या मणक्यावरच्या स्नायूला हात लावावा लागत नाही. कुणी सातव्या मणक्याचे टोक शाबूत ठेवू लागले. एक कमान कमी वाचली तरी चालेल, स्नायू वाचला पाहिजे, असा हा हिशेब आहे. हाडाचे गणित थोडे सोडून स्नायूच्या बाजूने उचललेले मला दिसलेले हे पहिले ठळक पाऊल.

आपल्या मुंबईतही या शब्दावर मोठा वाद उभा राहिला, आणि तो मराठी वाचकापर्यंत फारसा पोचलेला नाही. केईएम रुग्णालयात काम केलेले डॉ. अतुल गोयल हे पहिल्या दोन मणक्यांच्या स्क्रू-जोडणीसाठी जगभर ओळखले जातात. १९९४ साली त्यांनी ती मांडली आणि आज तिच्या नावात त्यांचे नाव आहे. २०१० पासून त्यांनी झिजलेल्या मानेविषयी सगळ्या मांडणीला उलटे करणारा विचार लिहायला सुरुवात केली. बाहेर आलेली चकती, वाढलेले हाड, घडी पडलेला अस्थिबंध ही रोगाची कारणे नाहीत, परिणाम आहेत, असे ते म्हणतात. माणूस दोन पायांवर उभा राहतो, वयोमानाने मागचे स्नायू थकतात, मग मणक्यांमागचे छोटे सांधे एकमेकांवर सरकतात आणि उंची घटते. बाकी सारे त्यातून घडते. तेव्हा काही कापू नका, काही काढू नका, फक्त सांधे स्क्रूने पक्के करा. २०१३ मध्ये त्यांनी सहा रुग्णांचा असा अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढे संख्या वाढवत नेली.

स्नायू हा मुद्दा पहिल्या वाक्यात आणल्याबद्दल मी गोयलांचा ऋणी आहे. ‘हे मुळात का घडते?’ हा प्रश्न त्यांनी विचारला, तसा विचारणारे या क्षेत्रात कमी आहेत. पण दोन ठिकाणी मी अडतो. अस्थिरता नेहमी एक्स-रेवर दिसेलच असे नाही, ती शस्त्रक्रियेच्या वेळी हाडे हातांनी हलवून ओळखावी, असे ते सांगतात. आता, भूल दिलेल्या माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात, शिवाय सांध्यापर्यंत पोचण्यासाठी ते हाडापासून सोडवलेलेही असतात. म्हणजे तपासणारा हात जिथे पोचतो तिथे मानेचा मुख्य आधार आधीच बंद केलेला आहे. पंजाबींचा प्रयोग आठवा : अशा अवस्थेत निरोगी मानही डोके पेलणार नाही. मग त्या हाताला जाणवलेली हालचाल रोगाची किती आणि परिस्थितीची किती? दुसऱ्या शल्यविशारदाने तोच हात फिरवून पडताळावे अशी सोयही इथे नाही. मी वाचलेल्या निबंधांत तुलनेसाठी दुसरा गट मला आढळला नाही. दुसरी अडचण याहून साधी. स्नायू थकले हे कारण मानले, तर उपाय असा निघतो की स्नायूंचे काम स्क्रूकडे द्यावे. निदानात आलेला स्नायू उपचारात पुन्हा बाहेर पडतो.

पुढून चकती काढून मणके जोडण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिथे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे स्थिर म्हणजे जुळलेले. मान वाकवून काढलेल्या एक्स-रेत मागच्या टोकांमधले अंतर एक मिलिमीटरहूनही कमी बदलले, तर हाड धरले असे समजतात. ते धरले नसतानाही काहीच त्रास नसलेले लोक असतात, हे शल्यविशारदांना चांगले ठाऊक आहे. जोडलेल्या मणक्याच्या शेजाऱ्यावर ताण येतो, हे वाक्य आता रुग्णांच्याही तोंडी झाले आहे. त्याला आधार म्हणून १९९९ चा हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांचा निबंध देतात : ३७४ रुग्ण, शेजारी नवा त्रास वर्षाला २.९ टक्क्यांना, दहा वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्याला. त्याच निबंधात एकाहून अधिक जागा जोडलेल्यांत हा त्रास कमी आढळला आहे. ताणाच्या गोष्टीत ही नोंद बसत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

ताईकडे परत येतो. तिच्या गेल्या एक्स-रेत साडेतीन मिलिमीटर नाही, ११ अंश नाहीत. त्या पट्टीने मान स्थिर आहे आणि मला ते मान्य आहे. पण पंजाबींच्या मूळ व्याख्येतला ‘नेहमीचा भार’ कुणी मोजलेला नाही. मानेच्या त्रासासाठी इंग्रजीत एक दहा प्रश्नांची तक्ता-चाचणी आहे. तिच्यात गाडी चालवण्याविषयी आणि वाचनाविषयी विचारतात. विळीवर तासभर भाजी चिरणे तिच्यात नाही. तेव्हा आम्ही घरीच एक वही केली. हनुवटीखाली पहिल्यांदा हात गेला ती वेळ ताई रोज लिहिते. वैशाखात ती बहुतेक साडेतीनची होती. फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलेले, हनुवटी किंचित आत घेऊन डोके मागे तळहातावर दाबायचे व्यायाम सुरू केल्यावर भाद्रपदात कधी पाच, कधी सव्वापाच अशा नोंदी आहेत. पितृपक्षात स्वयंपाक वाढला तेव्हा पुन्हा चार. दिवाळीनंतर तपासणीला जाताना एक्स-रेच्या पाकिटाबरोबर ती वहीही टेबलावर ठेवायची, असे तिने ठरवले आहे.