डर्बीफील्ड आणि डर्बरव्हिल

थॉमस हार्डी याची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी १८९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नायिकेच्या आडनावाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. कारण कादंबरीचे मर्म आमच्या मते त्यातच आहे.

हे आडनाव केवळ कल्पित नव्हे. डॉर्सेट परगण्यात टर्बरव्हिल नावाचे जुने नॉर्मन घराणे खरोखरच नांदत होते. बीअर रेजिस येथील चर्चमध्ये त्यांचे दफनस्थान आहे. या नावात किंचित फेरफार करून हार्डीने ‘डर्बरव्हिल’ केले.

कादंबरीत या नावाचे वारस दोन. खेडोपाडी किरकोळ माल विकणारा जॉन डर्बीफील्ड हा अस्सल वंशज. पिढ्यान्‌पिढ्या खेडुतांच्या तोंडी घासून त्याच्या नावाचे हे रूप झालेले. उलटपक्षी, अ‍ॅलेकचा बाप मूळचा स्टोक. व्यापारात धन मिळाल्यावर त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये नामशेष घराण्यांचे ग्रंथ चाळून डर्बरव्हिल हे नाव उचलले. आपल्या वैयाकरणांच्या परिभाषेत, पहिले नाव तद्भव, दुसरे उसने तत्सम. जे शुद्ध दिसते ते खोटे आणि जे अपभ्रष्ट तेच खरे, हा हार्डीचा उपरोध फार मार्मिक आहे. जॉनला ही वंशकथा कळते, पुढे घरचा एकुलता घोडा मरतो, आणि टेसला या तोतया नातलगांच्या दारी जावे लागते. तेथेच तिचा घात होतो.

तथापि ग्रंथकार या भूमिकेवर ठाम राहत नाही. टेसच्या हातून खून घडल्यावर तिच्या पतीच्या मनात डर्बरव्हिलांच्या रक्ताविषयी शंका येते. त्या घराण्याच्या गाडीची अपशकुनी दंतकथाही हार्डी मधूनमधून पुढे आणतो. त्यामुळे दोष कुळाकडे जातो. हे आम्हांस मान्य नाही. बाप मरताच घराचा पट्टा संपतो, कुटुंब बेघर होते आणि पूर्वजांच्या चर्चच्या भिंतीशी उघड्यावर बिछाना मांडते. भावंडांच्या पोटासाठीच टेस पुन्हा अ‍ॅलेकच्या हाती सापडते. येथे रक्ताचा संबंध काय? तिला घेरले ते दारिद्र्याने. हार्डीने स्वतःच इतक्या स्पष्टपणे रेखाटलेल्या या कारणावर त्याचा पुरता विश्वास असता, तर ही थोर कादंबरी अधिकच निर्दोष झाली असती.