ग्रामीण सेवा केंद्रे : संकल्पना आणि वास्तव – एक चिकित्सक आकलन

बीजसंज्ञा : सामायिक सेवा केंद्र, वारणा प्रकल्प, ज्ञानकेंद्र, ई-प्रशासन, मध्यस्थ

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या बळावर शहर आणि खेडे यांतील दरी बुजविता येईल, हा विचार भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रभावी ठरला. घरोघरी संगणक पोहोचणे त्या काळी अशक्यप्राय होते. म्हणून गावासाठी एक सामायिक केंद्र असावे, ही कल्पना पुढे आली. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा प्रकल्प (१९९८), पुदुच्चेरी परिसरातील एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानची ज्ञानकेंद्रे (१९९८) आणि मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचा 'ज्ञानदूत' प्रकल्प (२०००) ही तिची आरंभीची ठळक उदाहरणे होत. पुढे २००६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेअंतर्गत सहा खेड्यांमागे एक या प्रमाणात एक लाख सामायिक सेवा केंद्रांना मान्यता दिली. २०१५ पासून प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान एक केंद्र हे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. महाराष्ट्रात महा ई-सेवा केंद्र, 'संग्राम' आणि २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' अशी या केंद्रांची नावे व रूपे बदलत गेली. या प्रवासात केंद्रांची संख्या वाढली. परंतु केंद्राचा मूळ हेतू कायम राहिला काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वारणा प्रकल्प : माहिती कोणाची?
तात्यासाहेब कोरे यांनी वारणा खोऱ्यात उभ्या केलेल्या सहकारी संस्थांच्या पायावर हा प्रकल्प आकारास आला. सुमारे ७० गावे संगणकाने जोडून शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शिक्षण व शासकीय दाखले गावातच मिळावेत, अशी व्यापक योजना होती. प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने उसाचे वजन, खतांची उचल आणि बिलाची रक्कम यांच्या चौकशीपुरता होत असल्याचे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांना आढळले. त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशावर ही माहिती देऊन पाहिली आणि ते काम कमी खर्चात होऊ शकते, असे दाखवून दिले.

हा निष्कर्ष वारणा प्रकल्पाच्या अपयशाचा पुरावा म्हणून मांडला जातो. तथापि हे मूल्यमापन एकांगी आहे. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने वजन आणि बिल हीच सर्वांत मोलाची माहिती असते. त्याने तेवढेच विचारले, यात त्याचे अज्ञान नसून व्यवहारज्ञान दिसते. खरी मर्यादा वेगळीच होती. केंद्रावरील संगणक कारखान्याचीच नोंद दाखवीत होता. माहिती लवकर मिळणे आणि माहिती पडताळून पाहता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सोय निर्माण करते, तर दुसरी अधिकार निर्माण करते. वारणा प्रकल्पाच्या मूल्यमापनात हा भेद दुर्लक्षित राहिला.

पुदुच्चेरीची ज्ञानकेंद्रे : गरजेपासून आरंभ
पुदुच्चेरीतील प्रयोगाचा आरंभ यंत्रापासून न होता गावाच्या गरजेपासून झाला. केंद्रासाठी जागा गावाने द्यावी आणि ती दलितांसह सर्वांना खुली असावी, ही त्यातील अट होती. अनेक केंद्रे गावातील स्त्रियांनी चालविली. वीरमपट्टिणम येथील मच्छीमारांसाठी समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून मिळवून तो ध्वनिवर्धकावरून ऐकविला जाई. म्हणजे इंटरनेटचा लाभ घेण्यासाठी मच्छीमाराला संगणकासमोर बसण्याची अथवा अक्षरओळख असण्याचीही गरज नव्हती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी नल्लवाडू येथे परदेशातून आलेल्या दूरध्वनीवरील सूचना केंद्राच्या ध्वनिवर्धकावरून दिली गेली आणि ग्रामस्थांचे प्राण वाचले. येथे निर्णायक ठरले ते यंत्राचे सामर्थ्य नव्हे, तर केंद्रावर असलेला गावाचा विश्वास. हे यशही प्रतिष्ठानच्या सततच्या पाठबळावर उभे होते, हे मान्य करावे लागते. परंतु केंद्र गावाचे असणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ त्यातून मिळतो.

माहिती केंद्राकडून अर्ज खिडकीकडे :
२००६ नंतरच्या योजनेत ग्रामस्तरीय उद्योजक ही संकल्पना केंद्रस्थानी आली. केंद्रचालकाचे उत्पन्न प्रत्येक व्यवहारामागील मोबदल्यावर अवलंबून राहिले. साहजिकच ज्या कामातून शुल्क मिळते ते वाढले आणि ज्यातून मिळत नाही ते मागे पडले. शेतीसल्ला, पिकांची माहिती, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन यांना शुल्क नसते; दाखला, विमा अर्ज, देयक भरणा यांना असते. दुसरीकडे २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल इंटरनेटमुळे माहितीसाठी केंद्रात जाण्याचे कारणही उरले नाही. परिणामी ज्ञानाचे दालन म्हणून कल्पिलेले केंद्र अर्ज भरण्याची खिडकी बनले.

ही खिडकी अनेकदा एकमेव असते, हे अधिक गंभीर आहे. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या कर्जमाफीसाठी संगणकीय अर्ज अनिवार्य करण्यात आला. सर्व्हर संथ असणे, बोटांचे ठसे न जुळणे आणि पती-पत्नी दोघांना केंद्रावर तिष्ठत राहावे लागणे, हे चित्र त्या वर्षी राज्यभर दिसले. शेतकरी कर्जबाजारी आहे काय, या प्रश्नाआधी त्याचा अंगठा यंत्र स्वीकारते काय, हा प्रश्न उभा राहिला. कष्टाने झिजलेल्या बोटांचा विचार या रचनेत झालेला नव्हता.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली. मात्र मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यानंतर. सर्व्हर बंद असल्याने जो अर्ज दाखलच होऊ शकला नाही, त्याची मुदत सुरू होत नाही. केंद्राच्या दारातून परतलेल्या नागरिकाची कोठेही नोंद राहत नाही. कागदी अर्जावर निदान पोच मिळत असे. यंत्राच्या नकाराला पोच नाही.

तथापि सर्व दोष केंद्रचालकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालकांनी वेळेवर मानधन आणि कर्मचारी म्हणून दर्जा मिळावा यासाठी वारंवार आंदोलने केली आहेत. मध्यस्थ दूर करण्याच्या उद्देशाने आखलेल्या व्यवस्थेने एक नवा मध्यस्थ निर्माण केला आणि त्यालाही अस्थिर ठेवले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

निष्कर्ष :
१. केंद्रांची संख्या अथवा व्यवहारांची संख्या हा यशाचा पुरेसा निकष नाही. परत गेलेल्या नागरिकांचीही नोंद झाली पाहिजे.
२. अर्ज स्वीकारता न आल्यास केंद्राने दिनांकासह लेखी पोच द्यावी व ती तारीख मुदतीसाठी ग्राह्य धरावी.
३. कोणत्याही हक्काच्या योजनेत संगणकीय अर्जास कागदी पर्याय असावा.
४. दरपत्रक, पावत्या व तक्रारी यांचा आढावा ग्रामसभेत घेतला जावा.
५. शुल्क नसलेल्या माहितीसेवेसाठी परिचालकास स्वतंत्र व नियमित मानधन असावे.

समारोप :
गाव इंटरनेटने जोडले जाणे ही निःसंशय उपलब्धी आहे. परंतु जोडणी म्हणजे सहभाग नव्हे. वारणा खोऱ्यातील शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन कळले, वीरमपट्टिणमच्या मच्छीमाराला समुद्राची चाहूल लागली. या दोन्ही ठिकाणी माणसाने काहीतरी विचारले होते आणि केंद्राने उत्तर दिले होते. आजच्या केंद्रात विचारणारे शासन आहे आणि उत्तर देणारा, कागदपत्रे दाखविणारा नागरिक आहे. ही दिशा पुन्हा उलटविल्याशिवाय 'आपले सरकार' या नावातील पहिला शब्द सार्थ होणार नाही.