मुलांचे बोल आणि आमचे हसू

दिल्लीत वाढणारी आमची पाच वर्षांची कन्या सुटीत पुण्यास गेली असता फडताळावरच्या लाडवांच्या डब्यात डोकावून आजीला म्हणाली, "आजी, डबा खाली आहे." आजी म्हणाली, "अगं, वर तर आहे!" त्यावर उत्तर आले, "वर आहे, आणि खाली पण आहे." हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा, हे ध्यानात येईपर्यंत आजी बिचारी वरखाली पाहत राहिली. पुढे हा किस्सा आम्ही कचेरीत, पत्रांतून आणि आल्यागेल्या पाहुण्यांपुढे इतक्यांदा सांगितला की तो साऱ्या घराला पाठ झाला.

अशा बोलांतला विनोद आमच्या साहित्यात कसा उतरला आहे, हे पाहू गेलो तेव्हा प्रथम निराशाच पदरी पडली. चुटक्यांतले मूल बहुधा मूल नसतेच. तो अर्ध्या चड्डीतला वकील असतो, आणि वडिलांना निरुत्तर करण्यापलीकडे त्याला उद्योग नसतो. खरे मूल कोणाला निरुत्तर करू पाहत नाही. ते 'बस-बसला' ह्या चालीवर 'कर-करला' म्हणते, आणि अगदी गंभीरपणे म्हणते. नियमाने चालते ते मूल. आडवाटेने जाते ते आमचे 'केला'. हा गंभीरपणा लेखकाने काढून घेतला की उरतो तो नुसता चुटका.

चिं. वि. जोशींनी तो काढून घेतला नाही. चिमणरावांच्या घरी मोरू, राघू, मैना आहेत, पण शहाणपणाचे बोल त्यांच्या तोंडी कोंबलेले नाहीत. फजिती व्हायची ती बहुधा बापाचीच होते. (जोशींची नोकरीची वर्षे बडोद्यास गेली, हे येथे नमूद करताना आम्हां परमुलखी चाकरमान्यांस थोडा स्वार्थी आनंद होतो.) तरीही ही मुले आपणांस दिसतात ती चिमणरावांच्या डोळ्यांनी.

प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मध्ये (१९९४) बाप मध्ये नाही. लंपन काही पाच वर्षांचा नव्हे. पण आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपली हकीकत आपणच सांगतो, आणि ती बेळगावकडच्या, कानडीचे वारे लागलेल्या मराठीत सांगतो. त्याची वाक्ये कोणी शुद्ध करून घेतलेली नाहीत. आपण हसत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. म्हणूनच हसता हसता त्याचे एकटेपण अचानक समोर उभे राहते, आणि पुढचे पान उलटण्यास वेळ लागतो. त्याचे लाडके शब्द क्वचित इतके फिरून येतात की वाचकाच्या हशाची लेखकाला सवय जडली की काय, अशी शंका येते. 'शारदा संगीत'मध्येही (१९९७) ती आम्हांस एकदोनदा आली. परंतु एवढ्यासाठी लंपनशी भांडण करावे, असे वाटत नाही.

गेल्या सुटीत आमच्या कन्येने आजीशी 'हो' आणि 'नाही' एवढ्यावरच भागवले. बाकी जे बोलायचे ते ती आमच्याशी हलक्या आवाजात, हिंदीत बोले. चार दिवस वाट पाहून कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगता." लंपनला हसणारे आम्ही पुस्तकाबाहेर होतो, हिला हसणारे तिच्याच ताटाशेजारी बसत होतो. आजीने फडताळावरचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला आणि विचारले, "बघ गं, खाली आहे का?" कन्येने आधी आमच्याकडे पाहिले, आणि मग झाकण उघडले.