राजा गप्प बसत नाही

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरातला उत्खनन-सप्ताह. यंदा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली आणि तिच्यात आईने सुतळीने शिवून ठेवलेले 'चांदोबा'चे बारा अंक निघाले. मुखपृष्ठं गेलेली, कोपरे झुरळांनी भक्तिभावाने वाचलेले.

"रद्दीत घालू?" हिने विचारलं.

मी गठ्ठा काखेत मारला आणि स्टेशनवर गेलो. चाळिशी उलटलेला, बँकेत कारकुनी करणारा बी. कॉम. इसम घरात भुताच्या गोष्टी वाचताना सापडला तर पोरं बापाला आयुष्यभर ऐकवतात. नवापूर स्टेशनवर कोणी काही विचारत नाही. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, असं आमचं स्टेशन. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. मी बरोब्बर मधे बसलो आणि विक्रम-वेताळ उघडलं.

पहिलं चित्र पाहिलं आणि मी दुसरीत गेलो. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातून ताठ मानेने चाललेला राजा. ही चित्रं शंकर नावाच्या चित्रकाराची. ते २०२० साली गेले, आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 'चांदोबा' मद्रासहून निघायचा, त्यामुळे आमच्या बालपणीच्या तमाम राजांच्या राजधान्यांना गोपुरं असत. दूरदर्शनवर १९८५ साली रामानंद सागरांनी हाच विक्रम आणला. अरुण गोविल तेव्हा राम व्हायचे होते आणि खांद्यावर सज्जन नावाच्या नटाला घेऊन हिंडत होते. पण आमच्या मनातला वेताळ मात्र शंकरांचाच राहिला.

लहानपणी वाटे, राजा केवढा हुशार! दर महिन्याला तेच: प्रेत उतरवायचं, वेताळाने गोष्ट सांगायची, शेवटी कोडं घालायचं, उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील अशी धमकी द्यायची, राजाने अचूक उत्तर द्यायचं आणि वेताळाने फुर्रकन झाडावर. पुढच्या अंकात पुन्हा पहिल्यापासून. मुळात पंचवीसच गोष्टी असलेलं हे प्रकरण 'चांदोबा'वाल्यांनी नव्या गोष्टी रचून वर्षानुवर्षं चालवलं. आमच्या मुदत ठेवीसुद्धा इतक्या वेळा नूतनीकरण होत नाहीत.

आता वाचताना मात्र राजाबद्दल शंका येऊ लागल्या. ती जुनी मंदारवतीचीच गोष्ट घ्या. मुलगी मरते. तीन उमेदवारांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा संजीवनी मंत्र शिकून येतो आणि तिला उठवतो. नवरा कोण? राजा म्हणतो, जीव देणारा तो बाप, अस्थी नेणारा तो मुलगा, राखेजवळ राहिला तो नवरा. वा! लहानपणी मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता मनात आलं, अरे, ती मुलगी जिवंत होऊन समोर उभी आहे की! तिला कोणी विचारील? मेलेली असताना तिची जेवढी चौकशी झाली, तेवढी उठल्यावर नाही.

दुसरी गोष्ट मुंडकी बदलल्याची. नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या. गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' याच कुळातलं. राजाचा निकाल: डोकं ज्याचं, तो नवरा, सर्व गात्रांत शिर प्रधान. हे वाचून मी बाकावर नीट सावरून बसलो. आमच्या खात्यात तरी याहून निराळं काय चालतं? डोकं तेच हेड ऑफिस, आणि आम्ही शाखेतले म्हणजे धड. धडाने काय सोसलं हा प्रश्नच निकालात येत नाही. (राजाच्या नियमाने मी त्या बाकावर नेमका कोणत्या राज्यात होतो हे पाहायला मान दोन्हीकडे कलवून पाहिली. शेजारचा प्रवासी उठून गेला.)

आणि शेवट? 'चांदोबा'त तो कधी आल्याचं मला आठवत नाही. तो मी पुढे 'कथासरित्सागरा'त वाचला. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात बसून हा ग्रंथ लिहिला, पण त्यातला राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देई आणि खजिनदार ती फळं न फोडता, खिडकीतून खजिन्यात फेकी. आत रत्नं आहेत याचा पत्ता वर्षानुवर्षं नाही. असा कॅशियर आमच्याकडे असता तर पहिल्याच ऑडिटमध्ये सापडला असता. असो. तर शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तरच नसतं. तो मुकाट चालत राहतो. आणि तिथेच वेताळ प्रसन्न होतो, भिक्षूचा कपटी बेत सांगतो, राजाचा जीव वाचतो.

म्हणजे बघा, चोवीस खेपांत जे जे उत्तर बरोबर आलं, त्या प्रत्येकाने काम मूळपदावर नेलं. काम झालं ते राजा गप्प बसला तेव्हा. हे आठ वर्षांच्या मुलाला कळणं शक्य नाही. त्याला शाळेत बरोबर उत्तराचे मार्क मिळत असतात. मला वाटतं, ही मालिका मुलांच्या मासिकात छापली गेली खरी, पण ती लिहिली होती काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्यांसाठी.

कारण दिवाळीनंतर हयातीच्या दाखल्यांचे दिवस आले. आपण जिवंत आहोत हे पेन्शनरांनी बँकेला पटवून द्यायचे दिवस. एक आजी आल्या. नवऱ्यामागची पेन्शन. यंत्रावर अंगठा उमटेना; जन्मभर शेतात राबून रेघा झिजलेल्या. मी सांगितलं, "आजी, कागदी अर्ज भरून आणा." बरोबर उत्तर. आजी परत. अर्ज आला, तर आधारवर नावापुढे 'बेन' आणि पासबुकात 'बाई'. माहेर हद्दीच्या पलीकडे, सासर अलीकडे. मी सांगितलं, "नाव दुरुस्त करून आणा." हेही बरोबर. आजी परत. तिसऱ्या खेपेला दुरुस्तीची पावती होती, दुरुस्ती नव्हती. "पावती चालत नाही, आजी." तंतोतंत बरोबर. आजींनी कागद पिशवीत घातले आणि त्या काही न बोलता दाराकडे वळल्या. त्यांची पाठ पाहताना मला शंकरांचं चित्र आठवलं. इतकी वर्षं मी स्वतःला खांद्यावर ओझं वाहणारा समजत होतो.

चौथ्यांदा आजी आल्या तेव्हा मी काही सांगितलं नाही. त्यांना खुर्ची दिली, अर्ज घेतला, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, "बाई समक्ष हजर आहेत, साहेब. त्या बघा, बसल्यात."

साहेबांनी काचेतून पाहिलं. आजींनी तिकडून हात जोडले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नावबिव जुळतंय ना सगळं?"

उत्तर मला ठाऊक होतं.

साहेबांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा काचेतून आजींकडे, आणि सही केली. मी कागद घेऊन काउंटरवर आलो, शिक्का मारला, आणि कोणी पाहत नाहीसं बघून हळूच डोकं चाचपलं.