एचएप्रॉक्सी : दोषनिदानाचे सामर्थ्य आणि मर्यादा

विली टॅरो यांनी निर्माण केलेला एचएप्रॉक्सी हा मुक्त स्रोत भार-संतुलक २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या वेगाची प्रशंसा नेहमी होते. तथापि त्याचे खरे मूल्य दोषनिदानात आहे.

त्याच्या एचटीटीपी नोंदीत विनंतीच्या समाप्तीची सांकेतिक अक्षरे असतात. पहिले अक्षर संबंध कोणामुळे तुटला हे सांगते, तर दुसरे कोणत्या टप्प्यावर तुटला हे. आरंभीचे मोठे 'एस' म्हणजे सर्व्हरने जोडणी नाकारली वा तोडली. लहान 'एस' म्हणजे त्याची वाट पाहण्याची मुदत संपली. बंद सर्व्हर आणि मंद सर्व्हर यांतील हा भेद दुरुस्तीची दिशा ठरवतो.

सर्व्हरची तपासणी मात्र मूळ मांडणीत उथळ आहे. केवळ 'चेक' लिहिल्यास दर २ सेकंदांनी टीसीपी जोडणी होते का, एवढेच पाहिले जाते. अनुप्रयोग प्रत्येक विनंतीस ५०० हा त्रुटिसंकेत देत असला, तरी सर्व्हर निरोगी ठरतो. 'लीस्टकॉन' पद्धतीत तर चटकन त्रुटी परतवणाऱ्या अशा सर्व्हरवर जोडण्या कमी दिसतात आणि अधिक ग्राहक त्याच्याकडेच वळतात.

'ऑप्शन एचटीटीपीचेक' हा यावरील उपाय होय. परंतु तपासणीचे पान सामाईक डेटाबेसवर अवलंबून असल्यास, तो बंद पडताच सर्व सर्व्हर एकदम बाद होऊन सर्वांना ५०३ मिळते. तात्पर्य, सर्व्हर 'जिवंत' कशास म्हणावे, हा निर्णय साधनाचा नसून व्यवस्थापकाचा आहे.