सापसुरळी आधी पोचली



लोकसाहित्य म्हटलं की आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ते सगळं भुताखेताचं, देवादिकाचं. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच ते गाडलं. दुसरा म्हणतो, वा! काय निरागस आदिवासी संस्कृती! पहिला ऐकतच नाय. दुसरा ऐकतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी गोष्टी सांगतात त्या दोघांच्याही हाताला लागत नाहीत. त्यांच्याविषयी बोलायला मी आधी आफ्रिकेत जाणार आहे, कारण हे भांडण तिथं जुनं आहे.

झुलू, खोसा, शोना, स्वाहिली अशा शेकडो भाषा बांटू कुळातल्या. झुलूत 'अबांटू' म्हंजे माणसं. ब्लीक नावाच्या जर्मन पंडितानं १८६२ साली हे नाव भाषाकुळाला दिलं. पुढं दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं १९५३ साली 'बांटू शिक्षण कायदा' करून काळ्या पोरांना चाकरीपुरतंच शिकवायचं ठरवलं. 'माणसं' हा शब्द असा शिक्का होऊन कपाळावर बसला.

झुलूंची एक गोष्ट अशी. उन्कुलुन्कुलु हा आद्य पुरुष. त्यानं घोयऱ्या सरड्याला धाडलं, जा, माणसांना सांग, तुम्ही मरणार नाही. घोयरा वाटेत फळं खात रेंगाळला. मंग त्यानं सापसुरळीला धाडलं, सांग, माणसं मरणार. ती पळत गेली, आधी पोचली. नंतर घोयरा आला तेव्हा माणसं म्हणाली, आम्ही सापसुरळीचा शब्द घेतला, आता तुझा नको.

ही नुसती मरणाची गोष्ट नाय. जो शब्द आधी पोचतो तो कायदा होतो, खरा असो नायतर खोटा, हे तिच्यात सांगितलंय. मनुस्मृती आपल्याआधी पोचली होती, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. १८८२ सालच्या ठाणे गॅझेटिअरात कातकऱ्यांची उत्पत्तिकथा आहे: रामानं रावणावर चाल केली तेव्हा सोबत नेलेल्या वानरांचे हे वंशज. कातकरीच असं सांगतात, असं तिथं लिहिलंय. पण कोणता कातकरी? बाई की बुवा? कोणत्या पाड्यावरचा? साहेबापुढं उभा राहून सांगितली की शेकोटीजवळ? त्याच्या बोलीतले शब्द कुठं गेले? काही नाय. सबंध जमातीच्या तोंडी एक वाक्य घातलं आणि पुस्तक मिटलं. सापसुरळी पोचली.

त्याच्या चौदा वर्षं आधी, १८६८ साली, कॅलवे या मिशनऱ्यानं झुलू गोष्टींचं पुस्तक काढलं. त्याला माणसं ख्रिस्ती करायची होती, त्याच्या हेतूची आरती मी करत नाय. पण त्यानं एका बाजूला झुलू बोल जसाच्या तसा छापला, शेजारी इंग्रजी दिलं, आणि सांगणारांची नावं लिहिली. उम्पेंगुला म्बांडा हे नाव म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्याही गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट. त्यांत बाबासाहेबांच्या ओव्या आहेत. विठ्ठलासाठी घडलेल्या ओवीत बाईनं भीमराव बसवला. ही समीक्षाच आहे, आणि ती दळता दळता केलेली आहे.

आता दुसरी गोष्ट. ही बांटू मुलखात ठिकठिकाणी सांगतात. दुष्काळ पडतो. सगळी जनावरं मिळून विहीर खणतात. ससा खणत नाय, पण रात्री चोरून पितो, राखणदारांना फसवतो. शेवटी कासव पाठीला चीक फासून पाण्यात बसतं आणि ससा त्याला चिकटतो. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर हा ससा अमेरिकेतही गेला. ऐकणारे सशावर चिडत नाहीत, हसतात. लहान जीव मोठ्यांना फसवतो म्हणून त्यांना तो आपला वाटतो.

पण हीच गोष्ट शहापुरात सांगून बघा. तानसा धरण १८९२ सालचं, पुढं भातसा झालं. पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. इथं न खणता पिणारा ससा हत्तीएवढा आहे. त्याच्यावर कोण हसेल? आणि २० मार्च १९२७ ला महाडात तर तळ्याचं पाणी पिणाऱ्यालाच चोर ठरवून मारलं. म्हणून कोणतीही गोष्ट समोर आली की आधी विचारा, यात चोर कुणाला म्हटलंय आणि म्हणतोय कोण? बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये पुराणांची अशीच उलटतपासणी केली. त्यांनी पुराणं नाकारली, पण ओळ न् ओळ वाचून.

जुना साचा राजाचा असला तरी कामगार तो हिसकावू शकतो. 'इझिबोंगो' हे झुलूंचं स्तुतिकाव्य, राजा-सरदारांच्या पराक्रमाचं. डर्बनच्या डनलॉप कारखान्यातला कामगार आल्फ्रेड टेंबा काबुला यानं १९८४ साली त्याच चालीत कामगार महासंघाचं स्तुतिकाव्य रचलं आणि भर सभेत म्हटलं. राजाच्या जागी युनियन आली. मी गिरणीतला माणूस, मला ही उडी कळते. आपल्या जलशानं तमाशाचं हेच केलं. गण-गवळण काढून टाकली, ढोलकी ठेवली.

तेव्हा काम असं आहे. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडाला पाड्यावर येतो. भट्टीवर जा नायतर पावसात पाड्यावर जा, पण जा. सांगणाऱ्याला विचारून लिहा. त्याचं नाव घाला, नको म्हणाला तर घालू नका. बोली धुऊन शुद्ध करू नका. राम आला तर राम लिहा, मंग त्याच्याशी भांडा. लिहिलेलं त्याला परत वाचून दाखवा. आपण बौद्ध म्हणून शहाणे आणि तो अडाणी, असं मनात असेल तर मात्र घरीच बसा. आपल्याबद्दल शंभर वर्षं दुसऱ्यांनी लिहिलं ते असंच लिहिलं.

घोयरा अजून वाटेत आहे. त्याला आता फळं खाऊ देऊ नका.

जयभीम.